तुम्ही विचारलंत म्हणून: झेल्डाची टाइमलाइन पुन्हा बदलली, आता खरी कोणती धरायची?

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही निन्टेन्डोची व्हिडिओ गेम मालिका: हायरूल राज्य, राजकन्या झेल्डा, नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ. ती खेळणारे लोक हा प्रश्न, म्हणजे कुठली कथा कुठल्या कथेनंतर घडते हा, फिरून फिरून विचारतात. निन्टेन्डोने कथांचा क्रम स्वतः छापून दिला, पुढे स्वतःच त्यात फेरफार केला, आणि २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ने तर हायरूल राज्याची स्थापनाच नव्याने सांगितली. मग खरं काय, आणि या वादात पडायचं तरी कशाला?

पुस्तकातला क्रम बदलला तर माझ्या मते फारसं काही बिघडत नाही. पण खेळणाऱ्याने पडद्यावर पाहिलेली, हाताळलेली गोष्ट पुढच्या गेममधून काही न सांगता नाहीशी झाली, तर खरंच बिघडतं. वादात या दोन तक्रारींची सरमिसळ होते आणि मग शंभर उत्तरांनंतरही कोणी कोणाचं ऐकत नाही.

आधी क्रम. डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हे अधिकृत पुस्तक आलं. त्यात ‘स्कायवर्ड स्वोर्ड’, मग ‘मिनिश कॅप’, ‘फोर स्वोर्ड्स’ आणि ‘ऑकरिना ऑफ टाइम’ अशी सरळ रेघ आहे. ‘ऑकरिना’त लिंक बालपणातून भविष्यात जाऊन लढतो, आणि शेवटी रेघेला तीन फाटे फुटतात. लिंकला झेल्डा बालपणात परत पाठवते, तो एक फाटा: ‘मजोराज मास्क’ आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ इथे येतात. तो ज्या भविष्यातून निघून गेला तिथे पुढे महापूर येतो, तो दुसरा: ‘विंड वेकर’. आणि लिंक गॅननडॉर्फकडून हरला तर, तो तिसरा. १९८६ चा पहिला गेम, १९८७ चा दुसरा आणि १९९१ चा ‘अ लिंक टू द पास्ट’ या तिसऱ्या फाट्यावर आहेत.

पहिल्या दोन फाट्यांना गेममध्येच पुरावा आहे. ‘विंड वेकर’मध्ये समुद्राखाली बुडालेल्या राजवाड्यात ‘ऑकरिना’तल्या ऋषींची चित्रं रंगीत काचांवर आहेत, त्याच लिंकचा पुतळा आहे. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये गॅननडॉर्फला देहदंड देण्याचा प्रसंग प्रत्यक्ष दिसतो, बालपणात परतलेल्या लिंकने सावध केल्याशिवाय तो घडता ना. तिसऱ्या फाट्याला असा आधार नाही. लिंकचा पराभव कुठल्याही गेमच्या कथेत दाखवलेला नाही. म्हणून २०११ पासून सगळ्यात जास्त खडाजंगी या फाट्यावरूनच होते, आणि ती रास्त आहे.

हा फाटा लागला कशाला, तर ‘अ लिंक टू द पास्ट’मुळे. ते कार्ट्रिज जेमतेम १ मेगाबाइटचं होतं. सविस्तर पूर्वकथा सोबतच्या छापील पुस्तिकेत होती. पुस्तिका सांगते की गॅनन (गॅननडॉर्फचंच राक्षसी रूप) पवित्र भूमीतून उसळला, सात ऋषींनी त्याला कोंडलं, त्यांना वेळ मिळावा म्हणून हायरूलचे सरदार लढून मेले, आणि मास्टर स्वोर्ड ही पवित्र तलवार पेलणारा वीर तेव्हा सापडलाच नाही. ‘ऑकरिना’ १९९८ मध्ये आला तो साधारण याच युद्धाची कथा घेऊन, पण त्यात वीर आहे, तलवार त्याच्या हातात आहे, आणि तो जिंकतो. दोन्ही जुळवायचे तर एकच वाट उरते: वीर हरला आणि ऋषींना एकट्याने निभावावं लागलं. कल्पना नंतर सुचलेली असेल, पण तिने एक खरी भेग सांधली. म्हणून मी हा फाटा मानतो.

‘ऑकरिना’ने उलट दिशेनेही एक छान काम केलं. १९८७ च्या गेममध्ये रौरू, रूटो, सारिया, नाबुरू, दारुनिया अशी गावांची नावं होती. ‘ऑकरिना’ने ही नावं ऋषींना दिली, त्यामुळे गावांना ती ऋषींवरून पडली असावीत असा अर्थ मागाहून लागला. जुन्या खेळातला एक शब्दही न बदलता. असा बदल कोणाला खुपत नाही.

त्याच १९८७ च्या गेमची पुस्तिका मात्र अडचण करते. शापामुळे झोपी गेलेल्या राजकन्येची आठवण म्हणून राजघराण्यातल्या प्रत्येक मुलीचं नाव झेल्डा ठेवायचं, अशी प्रथा तिथून सुरू झाल्याचं ती सांगते. आजच्या क्रमात हा गेम फार पुढे येतो आणि त्याच्या आधी कितीतरी झेल्डा होऊन गेलेल्या असतात. पुस्तिका मी बखरीसारखी वाचतो: घटनेनंतर पिढ्या उलटल्यावर, राजघराण्याच्या मर्जीने लिहिलेली. घटना घडली असेल. ‘पहिली’ हा शब्द लिहिणाऱ्याचा.

वाद घालताना पुरावा कुठला हे आधी सांगावं. माझी उतरंड अशी आहे. सगळ्यात वर गेममध्ये दिसणारी घटना. मग पात्रांचं बोलणं आणि वस्तूंवरचा मजकूर, पण तोही कुठल्या भाषेतला आणि कुठल्या आवृत्तीतला हे सांगूनच. त्याखाली पुस्तिका, मग अधिकृत पुस्तकं, आणि तळाला मुलाखती. मुलाखत तळाला का, तर १९९८ मध्ये मालिकेचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी ‘ऑकरिना’, पहिला गेम, दुसरा गेम आणि शेवटी ‘अ लिंक टू द पास्ट’ असा क्रम सांगितला होता. पण ‘अ लिंक टू द पास्ट’च्या इंग्रजी खोक्यावर मागे छापलेलं होतं की ही लिंक आणि झेल्डा यांच्या पूर्वजांची कथा आहे. निर्माता बोलताना चुकू शकतो, आणि दहा वर्षांनी मतही बदलू शकतो.

पुस्तकातला क्रम बदलण्याचं नेमकं उदाहरण ‘लिंक्स अवेकनिंग’चं. ‘हिस्टोरिया’त ‘अ लिंक टू द पास्ट’नंतर ‘ओरॅकल’ नावाचे दोन गेम होते आणि मग ‘लिंक्स अवेकनिंग’, तिन्हीकडे लिंक तोच. २०१७ च्या अधिकृत विश्वकोशाने ‘लिंक्स अवेकनिंग’ आधी सरकवला आणि ‘ओरॅकल’चा लिंक वेगळा ठरवला. लोक भडकले. पण गेम उघडून बघा. ‘लिंक्स अवेकनिंग’चा शेवटचा शत्रू लिंकच्या आठवणीतली रूपं घेतो, त्यात ‘अ लिंक टू द पास्ट’मधला मांत्रिक अगानिम आहे आणि गॅननही आहे, म्हणजे हा लिंक ‘अ लिंक टू द पास्ट’मधलाच. ‘ओरॅकल’मध्ये झेल्डा लिंकला आपली ओळख करून देते, आधी तिला सोडवलेल्या माणसाशी ती असं बोलणार नाही. जुन्या क्रमाच्या बाजूला एकच ठोस गोष्ट होती. ‘ओरॅकल’चा एक भाग संपवून मिळालेला सांकेतिक शब्द दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला घातला, तर शेवटी लिंक शिडाच्या होडीतून निघताना दिसतो, आणि ‘लिंक्स अवेकनिंग’ होडीवरच सुरू होतो. होडी सुंदर आहे, पण या दोन पुराव्यांपुढे हलकी पडते. विश्वकोशाचा बदल मला योग्य वाटतो. ‘हिस्टोरिया’नेही हा इतिहास त्या वेळच्या समजुतीनुसार मांडलेला असून सांगणारे बदलतील तसा तो बदलेल, असं लिहून ठेवलं होतंच.

२०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पुरावे एकमेकांना छेद देतात. समारंभात झेल्डा जे बोलते त्यात आकाश, काळ आणि संधिप्रकाश (ट्वायलाइट) येतात, म्हणजे बालपणाचा फाटा. पण ‘विंड वेकर’मधले रीटो नावाचे पक्षीमानव आणि कोरोक नावाचे वनजीव आहेत, आणि सैंधवाच्या इंग्रजी वर्णनात प्राचीन समुद्र आहे, म्हणजे महापुराचा फाटा. निन्टेन्डोने तो आधी सगळ्यांच्या शेवटी ठेवला. २०२४ मध्ये सिडनीच्या कार्यक्रमात दाखवलेल्या तक्त्यात हा गेम आणि ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ तिन्ही फाट्यांपासून सुटे होते. एकाच फाट्याचा हट्ट धरणाऱ्याने विरोधी पुराव्याचं काय करायचं तेही सांगावं. मी तरी तो हट्ट सोडला आहे.

आता जी तक्रार मला मनापासून पटते ती. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये शंभरावर देवळं आहेत, चार महाकाय यांत्रिक प्राणी आहेत, गार्डियन नावाची यंत्रं माळभर हिंडतात. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ काही वर्षांनंतर त्याच भूमीवर घडतो आणि यातलं जवळपास काहीच उरलेलं नाही. ज्या यंत्रांनी राज्य बेचिराख केलं त्यांबद्दल गावकरी फारसं बोलत नाहीत. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी २०२३ मध्ये सांगितलं की संकट संपल्यावर काम झालेली ती यंत्रं नाहीशी झाली. खुलासा चालण्यासारखा आहे, पण तो गेममध्ये हवा होता. पुरा आणि रॉबी हे त्या यंत्रांचे जाणकार समोर उभे असतात. त्यांच्या तोंडी दोन वाक्यं पुरली असती. इथे चिडणाऱ्यांना ‘गेमच तर आहे’ म्हणून गप्प करणं मला पटत नाही. त्यांनी ती देवळं एकेक करून शोधलेली असतात.

राहिला स्थापनेचा प्रश्न. ‘टिअर्स’मध्ये झोनाई जमातीचा रौरू (‘ऑकरिना’तल्या ऋषीच्याच नावाचा राजा) आणि त्याची राणी सोनिया हायरूल स्थापन करतात, आणि गॅननडॉर्फला वाड्याखाली कोंडलं जातं. हे ‘ऑकरिना’च्या आधीचं म्हणावं, तर वाड्याखाली एक गॅननडॉर्फ असताना वर दुसरा जन्मतो, गॅननडॉर्फच्या गेरुडो जमातीत शंभर वर्षांत एक पुरुष जन्मतो असं ‘ऑकरिना’च सांगतो, त्यामुळे ते अशक्य नाही. मोठी अडचण रीटोंची. रौरूच्या काळात वाऱ्याचा ऋषी रीटो आहे, आणि ‘विंड वेकर’प्रमाणे रीटो हे झोरा या पाण्यात राहणाऱ्या जमातीपासून पुरानंतर झाले. म्हणून जुनं राज्य पार लयाला जाऊन हे दुसरं उभं राहिलं, या बाजूला मी आहे. माझी बाजू पाडायची असेल, तर महापुराच्या आधीचा रीटो इतर कुठल्या गेममध्ये दाखवा.