चार वेळा अलाइनमेंट केली तरी गाडी डावीकडेच – माझा अनुभव

आधीच सांगतो, लांबण लागणार आहे, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

मे महिन्यात गाडीचे चारी टायर बदलले. जुने बेचाळीस हजार चालले होते, खाचेतला तो टीडब्ल्यूआयचा (टायरची झीज दाखवणारा) छोटा उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला होता, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानेही टायर संपला. आणि जूनमध्ये सासुरवाडीला जायचं होतं कणकवलीला, म्हणजे राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. गोटा टायरवर पावसात तो घाट उतरायची माझी हिंमत नाही. १८५/६५ आर १५ चे चार घेतले, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) तिथेच, तासाभरात मोकळा. नायट्रोजन भरा म्हणून मागे लागले होते, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो म्हटलं, साधीच भरा. इथपर्यंत सगळं मस्त.

दुसऱ्या दिवशी हायवेला लागलो आणि ८० च्या आसपास स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला तर गाडी डावीकडे निघाली. थोडीथोडकी नाही, पाच-सहा सेकंदात डावी पट्टी. सरळ जायचं तर सतत उजवीकडे दाबून धरायचं. कराडला जाऊन येईपर्यंत उजवा खांदा धरला.

गेलो परत दुकानात. अलाइनमेंटच्या मशीनवर एक पोरगा, चाकांना ते क्लॅम्प लावतो, गाडी पुढेमागे ढकलतो, स्क्रीनकडे बघतो. "सर, सगळं ग्रीन आहे." म्हटलं गाडी ओढतेय. "सर, ग्रीन आहे ना." तरी माझ्या समाधानासाठी खाली वाकून टाय रॉडला, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याला, पाना लावला, अर्धा आटा फिरवला, परत ग्रीन. प्रिंट हातात. गाडी गेटबाहेर पडली आणि डावीकडे.

तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, तू चल माझ्याबरोबर. आला बिचारा. त्याने स्टिअरिंग सोडलं, गाडी डावीकडे गेली, आणि हा म्हणतो, "सर, आपल्याकडे रस्तेच डावीकडे उतरते असतात." आता यात अर्धं खरं आहे, पाणी निघून जायला रस्त्याला उतार ठेवलेलाच असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे कुठलीही गाडी हात सोडल्यावर थोडी डावीकडे झुकतेच. पण मग जुन्या गोटा टायरवर याच रस्त्याला ती सरळ कशी जात होती? यावर उत्तर नाही. "सवय होईल सर" म्हणाला. सवय!

चौथी अलाइनमेंट सर्विस सेंटरला. तिथे दिवसभर गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी चकाचक धुऊन दिली, अलाइनमेंटचे साडेचारशे घेतले, रिपोर्ट अर्थातच ग्रीन, वर ७,८०० चं एस्टिमेट. लोअर आर्मचे बुश बदलावे लागतील. खराब झालेत का? "खराब असं नाही, पण बदलून बघू." बदलून बघू म्हणजे माझ्या पैशाने बघू. आणि जाता जाता, "टायर बाहेरून घेतले की असं होतं सर." बायको म्हणाली, तुम्हालाच भास होत असेल. तिला चालवायला दिली. दहा मिनिटांत म्हणाली, अहो ही तर खरंच पळतेय बाजूला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ज्यांच्या हातात असा ग्रीन कागद आहे त्यांनी हे नीट वाचा, मला कळायला महिना लागला. अलाइनमेंटमध्ये तीन कोन असतात, टो (वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय), कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) आणि कॅस्टर (बाजूने बघितलं तर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो किती कललाय). आपल्या साध्या हॅचबॅकमध्ये बहुतेक वेळा यातला फक्त पुढचा टो अॅडजस्ट होतो, बाकी दोन जसे आहेत तसे, मागच्या चाकांना तर हातच लावता येत नाही. आणि गंमत म्हणजे पुढच्या टोने गाडी ओढत नाही. एका चाकाचा टो कमी, दुसऱ्याचा जास्त असला तरी चालताना दोन्ही चाकं आपापसात वाटून घेतात, फक्त स्टिअरिंग मधोमध न राहता वाकडं दिसतं, आणि एकूण टो चुकला तर टायर खातो. गाडी ओढते ती डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कॅस्टरमध्ये फरक पडल्यामुळे, ब्रेक चिकटल्यामुळे, हवा कमी-जास्त असल्यामुळे, नाहीतर टायरमुळे. म्हणजे तो पोरगा तीनदा जे फिरवत होता त्याने माझा प्रॉब्लेम सुटणं शक्यच नव्हतं! ग्रीनचा अर्थ एवढाच की कोन बरोबर आहेत, टायर कसा आहे ते मशीनला दिसत नाही.

ब्रेकचं वरून आठवलं. पाच-दहा किलोमीटर चालवून थांबलात की चारी रिमजवळ हात नेऊन बघा, एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेक चिकटलाय, अलाइनमेंटच्या नादाला लागू नका. डायरेक्ट हात टेकवू नका, चटका बसतो, मी लावून बघितलाय. माझी चारी सारखीच होती. हवा पण दारातल्या स्टिकरवर आहे तेवढी, ३३, सकाळी गाडी थंड असताना तपासलेली.

मधल्या काळात पाऊस सुरू झाला आणि प्रकरण नुसत्या चिडचिडीचं राहिलं नाही. कराडहून परत येताना, किणी टोलनाक्याच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला पाणी साचलेलं. पहिला पाऊस, रस्त्यावर वर्षभराचं तेल, धूळ, घासलेलं रबर, सगळं मिळून साबण. स्पीड सत्तरच्या आत, टायर नवे, म्हणून मी निवांत. डावं चाक पाण्यात शिरलं आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जसं काही खाली काही नाहीच. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, त्याखालचं पाणी नक्षीतून बाहेर पडलं नाही की गाडी पाण्यावर तरंगते. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि थांबायचं, हे मला पाठ होतं आणि मी तेच केलं. पण माझा हात तर आधीपासून उजवीकडे दाबून होता ना! ओढ गेली, हाताचा जोर तसाच, चाकं उजवीकडे वळलेली, आणि पाणी संपून टायरने परत रस्ता पकडला तशी गाडीने उजवीकडे झटका दिला. शेजारच्या लेनमध्ये ट्रक असता तर हे लिहायला मी नसतो. पुढच्या ढाब्यावर थांबून दोन चहा घेतले.

मग आले मामा. उचगावला पंक्चर काढतात, पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं टप. मागच्या चाकात स्क्रू गेला होता म्हणून थांबलो आणि तोंडातून सगळी कहाणी बाहेर पडली. मामा टायरवरून डोकं वर न काढता म्हणाले, "पुढची दोन चाकं आलटून पालटून बघितलीस काय?" नाही बघितली. कुणी सांगितलंच नाही. "बघ मग लगा, खर्च काय हाय त्याला."

वीस मिनिटं. डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे. हायवेला काढली, ऐंशी गाठले, हात सैल केला. गाडी उजवीकडे गेली!

गाडीत एकटा होतो, मोठ्याने ओरडलो. ओढ चाकाबरोबर बाजू बदलते म्हणजे दोष गाडीत नाही, टायरमध्ये. परत मामांकडे, त्यांनी आता उजवीकडे असलेलं पुढचं चाक मागे टाकलं आणि मागचं पुढे आणलं. गाडी सुतासारखी सरळ. चोर सापडला. मामांनी पंक्चरचे तेवढे घेतले, बाकीचे घेईनात, जबरदस्तीने शंभर ठेवले.

याला कोनिसिटी म्हणतात, नंतर वाचून काढलं. टायरच्या आतला स्टीलचा पट्टा बनवताना मधोमध न बसता एका बाजूला सरकला की टायर वरून गोल दिसला तरी चालतो शंकूसारखा. घरातली बादली आडवी करून ढकला, सरळ जाते का? गोल फिरते. तसंच. डोळ्यांनी दिसत नाही, बॅलन्सिंगमध्ये येत नाही, अलाइनमेंटमध्ये तर नाहीच. फक्त एक लक्षात ठेवा, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावं-उजवं असं बदलू नका, त्याच बाजूचं मागचं पुढे आणून बघा. नुसतं आउटसाइड, इनसाइड लिहिलेलं असेल तर चालतं.

आता क्लेम. दुकानात गेलो, छाती काढूनच गेलो म्हणा ना. काउंटरवरचा म्हणतो, "सर आता तो टायर मागे आहे ना? मग राहू द्या की तिथेच, त्रास नाही ना आता." आता मागे आहे, पण दहा हजार किलोमीटरला रोटेशन करताना, म्हणजे पुढचे-मागचे टायर आलटून पालटून लावताना, पुढे येणारच, तेव्हा काय? आणि मी चारी टायरचे पूर्ण पैसे दिलेत. मग "पुलिंग क्लेममध्ये बसत नाही", मग "कंपनीचा इंजिनिअर बघेल", इंजिनिअर गुरुवारी येतो. पहिल्या गुरुवारी आला नाही. दुसऱ्या गुरुवारी मी गेलो तर येऊन गेला होता, मला फोन कुणी करायचा यावर त्यांचं एकमत नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी मी सकाळी दहाला जाऊन तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो, डबा घेऊन. तीनला आला. त्याला मी काही समजावलं नाही, आधीच टायर परत पुढे डावीकडे लावून घेतला होता, फक्त किल्ली दिली आणि म्हटलं चालवा. शिरोली नाक्यापर्यंत जाऊन आला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "टायर आहे." बस. महिनाभर जे कुणाला दिसत नव्हतं ते त्याला पाच मिनिटांत दिसलं. त्याने त्या छोट्या गेजने तीन खाचांमध्ये खोली मोजली, टायरवरचे आकडे लिहून घेतले, फॉर्मवर सही. आठवड्याने नवा टायर आला, जेवढी नक्षी झिजली तेवढे पैसे भरायचे असतात, माझे ५४० झाले.

हे ५४० त्या चार ग्रीन कागदांचे आहेत असं मी धरतो, कारण ते करण्यात २,४०० किलोमीटर चाललो आणि तेवढा टायर झिजला. नवे टायर लावल्यावर पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये गाडी ओढते वाटलं तर लगेच अदलाबदल करून बघा आणि लगेच दुकानात लेखी द्या, "सवय होईल" ऐकून घेऊ नका. पण त्या पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये जोरात ब्रेक, जोरात वळणं नकोत, नवा टायर वरून गुळगुळीत असतो, नीट पकडायला थोडा चालावा लागतो.

फोंडा घाट शेवटी जुलैमध्ये झाला, धो धो पावसात, वाटेत धुकं एवढं की बॉनेटच्या पुढे काही दिसेना. वळणाआधी सेकंडला टाकायची, ब्रेक सरळ रस्त्यावर मारून घ्यायचा, वळणात नाही, आणि कडेला हिरवं शेवाळ धरलेलं असतं तिथे चाक न्यायचं नाही. स्टिअरिंग दोन बोटांवर. सासऱ्यांनी पोचल्यावर पहिलं विचारलं, एवढा उशीर का केलात यायला. सगळी कथा सांगितली, ते म्हणाले आमच्या वेळी असं काही नव्हतं.

अजून एक राहिलं. दोनच टायर बदलणार असाल तर दुकानवाला नवे पुढे लावेल, आमच्याकडे सगळे तसंच करतात. टायर कंपन्या स्वतः सांगतात नवे मागे लावा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. ओल्यात पुढचे टायर घसरले तर गाडी वळणात सरळ जाते, अॅक्सिलरेटर सोडला की आपल्यासारख्याला सावरता तरी येते, मागचे सुटले की गाडी गरकन फिरते आणि तेव्हा काही कळायच्या आत झालेलं असतं. यावरून पण त्या पोराशी माझा वाद झालाय, पण तो पुढे कधीतरी.

आणि हो, घेतानाच टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारी टायरच्या त्या आकड्यांचा फोटो आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. क्लेमच्या वेळी मूळ बिल मागतात आणि माझं बिल डॅशबोर्डवर उन्हात पडून पांढरं झालं होतं, थर्मल पेपर, एक अक्षर दिसत नव्हतं. त्यासाठी परत वेगळी एक चक्कर झाली ती वर सांगितलीच नाही.