शार्कचा दात आणि घाटातला लाल पट्टा

मी साताऱ्यात हायस्कूलला भूगोल शिकवते, 17 वर्षं झाली. लिहून ठेवावं असं रोज काही घडत नाही पण यंदाच्या जूनमधला एक शनिवार डोक्यातनं जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. मे महिन्यात बहिणीकडे अमेरिकेला गेले होते, मेरीलँडमध्ये असते ती. तिला आधीच सांगून ठेवलं होतं की मला मॉल वगैरे काही नको, कॅल्व्हर्ट क्लिफ्स दाखव. चेसापीक उपसागराच्या काठावरचं पार्क आहे हे. गाडी लावायची आणि जंगलातल्या पायवाटेनं जवळपास 3 किलोमीटर चालायचं, वाटेत पाणथळ लागते, बीव्हर नावाच्या प्राण्यानं ओढा अडवून केलेली, आणि चालता चालता झाडी एकदम संपते आणि समोर पाणीच पाणी. बाजूला मातकट पिवळे उंच कडे. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांसारखे काळे कातळ नाहीत हं ते, हा सगळा जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ, 1 ते 2 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात 600 च्या वर जातींचे जीवाश्म सापडलेत. लाटा कड्याचा पाया खातात, वरचं ढासळतं आणि आतले शंख, शिंपले, शार्कचे दात वाळूत येऊन पडतात. कडा कधी अंगावर येईल सांगता येत नाही म्हणून कड्याखाली जायला सक्त मनाई, कडा खणायलाही मनाई, पण किनाऱ्यावर आपसूक येऊन पडलेलं उचलून घरी न्यायची परवानगी आहे. मला हा नियम फार आवडला.

लोक चाळण्या घेऊन बसलेले, आपल्याकडे गवंडी वाळू चाळतात तशा. मी दोन तास पाण्यात पाय सोडून वाळू चाळत होते. शिंपल्याचे तुकडे, तुकडे, तुकडे, आणि मग एक दात! करंगळीच्या नखाएवढा, काळपट करडा, चकचकीत, कडेवरनं बोट फिरवलं तर अजून धार लागत होती. बहीण म्हणाली एवढ्याशा दातासाठी एवढं रडतेस काय गं.

तो दात कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवून आणला आणि शाळा सुरू झाल्यावर नववीच्या वर्गात फिरवला. पोरं एकदम गप्प होऊन हातात घेत होती. एकीनं विचारलं, मॅडम नुसते दातच का सापडतात, हाडं कुठं गेली? मग सांगितलं की शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, आपल्या कानाच्या वरच्या लवचिक भागासारखा, तो कुजून जातो, दात मात्र टिकतात आणि एक शार्क आयुष्यात हजारो दात पाडतो. मग मी विचारलं, हा दात जुना की आपल्या शाळेच्या पायातला काळा दगड जुना? अख्खा वर्ग ओरडला, दात! म्हटलं, नाही. आपला बसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांचा आहे, हा शार्क पोहत होता तेव्हा सह्याद्रीचा दगड ऑलरेडी म्हातारा झाला होता. ते चेहरे बघायला हवे होते तुम्ही.

आता तो शनिवार. जावळीतला एक मुलगा आहे, साताऱ्यात आत्याकडं राहून शिकतो, वर्गात तोंड उघडत नाही. तो सकाळीच टॉवेलात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. "मॅडम, ह्यो बगा, आमच्या रानात घावला." तळहाताएवढा चपटा दगड, फिकट तपकिरी, आणि त्यावर काळ्या रंगाची नाजूक नाजूक नेच्याची पानं. खरंच इतकी सुंदर की पोरं बाकांवर चढली, जीवाश्म, जीवाश्म असा एकच गलका.

मला बघताक्षणी कळलं होतं की हा जीवाश्म नाही. खरं सांगते, एक क्षण वाटलं राहू दे, आज पहिल्यांदा पोरगं बोलतंय, कशाला पाणी ओतायचं. पण उद्या तो हेच दुसऱ्या कुणाला सांगणार आणि तिथं तोंडघशी पडणार, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. प्रयोगशाळेतनं भिंग आणलं, त्याच्याच हातात दिलं. पानाला मधली शीर दिसते का बघ. नाही. फांद्या कुठून सुरू होतात? भेगेच्या कडेपासून. मग सांगितलं की भेगेतनं पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज साठत साठत असा फांद्यांचा आकार घेतं, आणि आपला दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्या तापलेल्या रसात पान टिकणार कसं?

तो खाली बसला. मला वाटलं संपलं आता, हा परत वर्षभर बोलायचा नाही. मी फळ्याकडे वळले तर मागनं आवाज आला, "मॅडम, पर लाव्हा एकदमच आलाता का?"

म्हटलं म्हणजे?

"मेढ्याच्या म्होरं घाटात दरड कापलीया न्हवं, तिथं खाली काळा दगड, वर काळा दगड आन मधी लाल मातीचा पट्टा हाय. मग ती माती कवा झाली?"

खडू हातात तसाच राहिला माझा. इंटरट्रॅपियन थर, रेड बोल, म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधले गाळाचे आणि लाल मातीचे पट्टे, हे सगळं मी कॉलेजात पाठ केलं होतं आणि हा पोरगा एसटीच्या खिडकीतनं बघून तिथपर्यंत पोचला होता. मग पुस्तक मिटलं आणि तेच शिकवलं. लाव्हा टप्प्याटप्प्यानं आला, मधल्या काळात वरचा दगड झिजून माती झाली, पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. काही ठिकाणी अशा मधल्या काळात तळी होती, मुंबईत वरळीला त्या थरांत बेडकांचे जीवाश्म मिळालेत, नागपूरकडे गोगलगायींचे. त्यानं लगेच विचारलं, आमच्या पट्ट्यात काय असंल? मी म्हटलं आपल्याकडच्या लाल थरांत सहसा काही मिळत नाही, पण मी स्वतः थांबून कधी बघितलेलं नाही.

मग बघायलाच गेलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तो, त्याचे वडील, वर्गातल्या दोन मुली आणि मी. पाऊस भुरभुरत होता, दरडीखाली कुणालाच जाऊ दिलं नाही, कॅल्व्हर्टचाच नियम लावला, रस्त्याच्या अलीकडनं बघायचं आणि गटारीपाशी आपसूक पडलेलं असेल तेवढंच उचलायचं. पट्टा हातभर जाडीचा, पावसानं गडद लाल झालेला, वरच्या काळ्या दगडाला अगदी चिकटून. एक ढेकूळ मिळालं, एका बाजूनं बोटानं चुरा होणारं, दुसरी बाजू टणक. वडिलांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, भट्टीतली वीट हाय की ही.

जीवाश्म काही मिळाला नाही. वर्गातल्या कपाटात आता तीन वस्तू आहेत, कुंकवाच्या डबीत दात, शेजारी लाल ढेकूळ, आणि तो नेच्याच्या नक्षीचा दगड. दगडाखाली त्यानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावलीय: हा जीवाश्म नाही. मँगनीज आहे. भिंगातून बघा.