माथ्याची उंची आणि हाडांची उंची

सीट टोचते म्हणून सायकल अंगाला बसवून घ्यायला, फिटिंगला आलेला माणूस सुरुवातीला खरं काय ते सांगत नाही. "बूड दुखतं", "जरा अनकम्फर्टेबल वाटतं", फार तर "माकडहाडाजवळ". आता रोड बाइकवर वाकून बसलेल्या माणसाचं माकडहाड हवेत असतं, त्याचा सॅडलशी, म्हणजे सायकलच्या सीटशी, संबंधच येत नाही. पण नेमकी जागा सांगायची लाज वाटते, म्हणून सगळं दुखणं त्या बिचाऱ्या हाडावर ढकललं जातं. त्यासाठी मी टेबलावर कंबरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा ठेवला आहे. तो हातात दिला की लोक न बोलता बोट ठेवतात आणि माझं निम्मं काम होतं.

त्या दिवशी आलेल्या मॅडमनी मात्र सांगाडा हातात घ्यायच्या आधी एक पिशवी जमिनीवर रिकामी केली. आतून सॅडलच सॅडल निघाले. एक 130 मिमी रुंदीचा रेसिंगचा, एक 143 चा आखूड नाकाचा, एक 155 चा जेलवाला, एक पुढे चोचीसारखा वाकलेला, आणि सगळ्यांच्या खाली जुना, काळवंडलेला चामड्याचा. सोबत मापं देऊन बनवून घेतलेली टायटॅनियमची सायकल. वेल्डिंग इतकं देखणं की मी आधी तेच बघत बसलो. मॅडम लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे करतात, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेच्या आत सायकलवर पुरं करायचं. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, असा तो प्रकार. जुन्या सायकलवर त्यांनी 300 आरामात केल्या होत्या. नव्या सायकलवर साठ-सत्तर किलोमीटरलाच सीटवरून उठावंसं वाटायचं.

"फ्रेम माझ्या मापाची आहे, म्हणजे दोष सॅडलचाच ना?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सांगाड्यावर बोट ठेवलं ते उजव्या बाजूला, बसण्याच्या हाडाच्या थोडं पुढे, मांडी जिथे सुरू होते तिथे. मग जरा थांबून मध्यभागी, पुढे. "इथे बधिर होतं." माझ्या दृष्टीने या दोन वेगळ्या तक्रारी होत्या. हाडाखाली दुखत असेल तर रुंदी आणि कडकपणा बघायचा. पुढे बधिर होत असेल तर मऊ भागावर, तिथल्या नसांवर दाब येतोय. आणि मांडीच्या सांध्यात एकाच बाजूला सोलवटत असेल तर माणूस सीटवर स्थिर बसलेला नाही. एकाच बाजूचं दुखणं दिसलं की मी सॅडलच्या आधी बसणाऱ्याकडे बघतो.

तरी आधी हाडांमधलं अंतर मोजलं. नालीदार पुठ्ठ्यावर बसवलं, उठल्यावर उमटलेल्या दोन खळ्यांच्या मध्यांमधलं अंतर घेतलं: 118 मिमी. अगदी नेहमीच्या पट्ट्यातलं. त्यात वीस-पंचवीस मिलिमीटर मिळवले की सॅडलची रुंदी साधारण कळते, म्हणजे त्यांच्या पिशवीतला 143 चा कागदावर बरोबर बसत होता. पण तो त्यांनी सगळ्यात आधी नाकारला होता. त्यानंतर त्या रुंद आणि मऊ सॅडलकडे वळल्या, सगळेच वळतात तशा. मऊ जेलमध्ये हाडं आत बुडतात आणि मधला भाग वर फुगून नेमका नको तिथे दाबतो, हे दुकानात अंगठ्याने दाबून कळत नाही. शिवाय पुढे वाकलं की कंबर पुढे झुकते आणि वजन हाडांच्या पुढच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या भागावर येतं. त्यामुळे रुंद सॅडल म्हणजे जास्त आधार हे गणित सरळ बसणाऱ्यालाच लागू पडतं.

सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर, चढवली. त्यांच्या शॉर्टच्या कमरेवर दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे ठिपके लावले आणि मागून व्हिडिओ घेतला. दाब दाखवणारी रंगीत चटई माझ्याकडे आहे, पण ती मी उशिरा काढतो. लाल रंग दिसला की माणूस घाबरतो, आणि दाब कुठे आहे ते कळलं तरी तो का आहे हे चटई सांगत नाही. व्हिडिओत मात्र पाचव्या मिनिटाला सगळं दिसलं. पेडल तळाशी जाताना ठिपके आळीपाळीने खाली झुकत होते, उजवा जास्त. पाय पोचावा म्हणून त्या दर फेरीला कंबर घसरवत होत्या. पेडल तळाशी असताना गुडघ्याचा कोन मोजला तर 19 अंश. 25 ते 35 मध्ये आला तर मी समाधानी असतो. सीट उंच होती, आणि चांगलीच उंच होती.

मॅडमना ते पटेना. "शक्यच नाही. जुन्या सायकलचीच उंची दिलीय बनवणाऱ्याला. 712." त्यांनी फोनमध्ये फ्रेमचा नकाशाही दाखवला. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या, मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत 712 मिमी. मी टेप लावली. नव्या सायकलवरही बरोबर 712. एका मिलिमीटरचाही फरक नाही.

मग जमिनीवर पडलेल्या, जुन्या सायकलवरच्या त्या चामड्याच्या सॅडलकडे लक्ष गेलं. या जातीचा सॅडल म्हणजे पुढून मागे ताणून बसवलेलं जाड चामडं. आत ना फोम ना जेल. ब्रूक्ससारख्या कंपन्या एकोणिसाव्या शतकापासून ते बनवत आल्या आहेत. बसणाऱ्याच्या हाडांखाली चामडं हळूहळू खाली जातं आणि तिथे दोन खळ्या पडतात. वर्षानुवर्षं वापरला की तो दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा राहत नाही. मी त्याच्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली, मागच्या कडेपासून नाकापर्यंत, आणि पट्टीखालची खोली मोजली. खळीत 13 मिमी.

म्हणजे 712 हे माप सॅडलच्या माथ्याचं होतं. मॅडमची हाडं मात्र 699 वर बसत होती, आणि बसल्यावर वजनाने चामडं आणखी थोडं खाली जात असणार ते वेगळंच. नव्या सॅडलचा सांगाडा कार्बनचा, त्यावर पातळ थर. तो काही खाली जात नाही. तिथे हाडं खरोखरच 712 वर होती. वर जुन्या सायकलचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 170 मिमीचा आणि नवीचा 172.5 चा. पेडल तळाशी आणखी अडीच मिलिमीटर दूर. सगळं मिळून दीड सेंटिमीटरहून जास्त. फ्रेम बनवणाऱ्याने दिलेलं माप इमानदारीने पाळलं होतं.

"मग जुनाच सॅडल का नाही लावला?" मी विचारलं. लावून पाहिला होता म्हणे, पण सगळा भार हातांवर यायचा. तेही बघितलं. या चामड्याच्या सॅडलची रेल, म्हणजे खालची सळई, आखूड असते, पकडीत फार मागे सरकत नाही, म्हणून त्याला मागे झुकलेला, सेटबॅक असलेला सीटपोस्ट, म्हणजे सॅडलखालचा दांडा, लागतो. नव्या सायकलला सीट ट्यूबचा, म्हणजे पोस्ट ज्यात बसतो त्या नळीचा, कोन 73.5 अंश आणि वर सरळ, बिनसेटबॅकचा कार्बन पोस्ट. सॅडल शेवटपर्यंत मागे ओढला तरी पुढेच राहणार. मग एकामागून एक नवे सॅडल आले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सीट दोन टप्प्यांत 14 मिमी खाली घेतली. एकदम घेतली असती तर पायांना इतकं विचित्र वाटलं असतं की त्यांनी घरी जाऊन परत वर केली असती, लोक करतात. सीट ट्यूब तिरकी असल्यामुळे पोस्ट खाली गेला की सॅडल पुढेही येतो, इथे जवळजवळ 4 मिमी. तेवढा रेलवर मागे सरकवला. उजवा क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला पेडल पकडणारा तुकडा, डाव्यापेक्षा पुढे होता, तो मागे घेतला. क्रँक 165 चा करा असं सुचवलं, पण त्या दिवशी बदलला नाही. पुन्हा व्हिडिओ. ठिपके जवळजवळ एका रेषेत, गुडघा 30 अंशांवर.

आणि मग सॅडल निवडायला सुरुवात केली. उंची दुरुस्त झाली म्हणजे कुठलाही चालेल असं अजिबात नव्हतं. 155 चा लावला तर मांडीच्या आतल्या बाजूला घासला. तो पेअरच्या आकाराचा होता, म्हणजे मागची रुंदी हळूहळू कमी होत नाकाकडे जाणारी, त्यामुळे पेडल मारताना मांडीला अडथळा. चोचीवाला एकाच जागी धरून ठेवतो. ज्यांना जागा बदलत बसायची सवय आहे त्यांना तो कोंडल्यासारखा वाटतो, आणि मॅडम सतत जागा बदलणाऱ्या. 130 वर हाडं कडेवर येत होती. राहिला तोच 143 चा, आखूड नाकाचा, मधे खाच असलेला, मागून एकदम निमुळता होणारा. सीट खाली आल्यामुळे हँडल आणि सॅडल यांच्या उंचीतला फरकही 20 मिमीवरून 6 वर आला होता, कंबर थोडी सरळ झाली होती, वजन हाडांवर आलं होतं. नाक एक अंश खाली केलं. आता चटई अंथरली. दोन ठळक डाग, दोन्ही बाजूंना सारखे, पुढे जवळपास काहीच नाही.

मॅडम बराच वेळ पेडल मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा तर मी विकायला काढला होता."

जाताना त्यांनी फ्रेम बनवणाऱ्याला तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. माणूस सभ्य होता, चिडला नाही. उलट मला विचारलं, "पट्टी कुठे ठेवून मोजलंत?" सांगितलं. खळीच्या तळापर्यंत मोजायचं, आणि क्रँकची लांबी त्याच ओळीत लिहायची. तो लिहून घेत असल्याचा आवाज येत होता.

पुढच्या 300 नंतर त्यांचा मेसेज आला. बधिरपणा नाही, उजवी बाजू ठीक. शेवटच्या पन्नासात डावीकडे एक बारीक रेघ सोलवटली. फोटो शॉर्टचा मागवला, आतून उलटा करून. पॅडची शिवण नेमकी तिथून गेली होती. शॉर्ट बदला म्हटलं, सॅडलला हात लावू नका.