बाळाचे जुने कपडे विकताय? आधी डाग दाखवा

बाळाचे वापरलेले कपडे विकायला काढण्यात कमीपणा वगैरे काही नाही, हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. जन्मताना साधारण ५० सेंटीमीटर असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला ७५ च्या आसपास जातं, वजन तिप्पट होतं, म्हणजे वर्षभरात चार-पाच साइझ येतात आणि जातात, काही कपडे तर एकदा घालून फोटो काढले की संपलेच. मग ते बॅगेत कोंबून माळ्यावर कशाला ठेवायचे, विका की खुशाल. पण विकायचीही एक रीत असते. मी विकतेही आणि घेतेही, त्यामुळे दोन्हीकडून वैताग कसा येतो ते चांगलं माहितीये.

घेणारी कोण आहे हे जरा डोळ्यासमोर आणा. एकतर तिचे दिवस भरत आलेत, नाहीतर ती रात्री-अपरात्री एका हाताने बाळाला धरून दुसऱ्या हाताने फोनवर तुमची जाहिरात बघतेय. कापड हातात घेऊन बघायची सोय तिला नाही, तुम्ही जे लिहाल त्यावर ती पैसे देणार. आणि तुम्ही लिहिता काय, तर "गुड कंडिशन, एकदाच वापरलंय". अहो एकदाच वापरलेल्या झबल्याचा गळा असा लोंबत नाही!

सगळ्यात जास्त लपवाछपवी चालते ती डागांची. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही म्हणा, कारण दुधाचा डाग मोठा फसवा असतो. धुतल्यावर कपडा पांढराशुभ्र दिसतो, तुम्ही घडी घालून ठेवून देता आणि काही महिन्यांनी उघडलं की गळ्याशी पिवळे चट्टे. कापडात उरलेलं दुधातलं फॅट हवेने हळूहळू पिवळं पडतं, त्यामुळे ठेवताना नव्हता तो डाग काढताना असतो. म्हणून आठवणीवर विसंबून "नो स्टेन्स" लिहू नका, विकायच्या दिवशी उजेडात उघडून बघा आणि तेव्हाच फोटो काढा, दिवसाउजेडी, फिल्टर न लावता. डाग काढायचा प्रयत्न करायचा असेल तर आधी गार पाणी. थेट गरम पाण्यात टाकलं की दुधातलं प्रोटीन कापडात घट्ट बसतं आणि मग तो डाग कायमचा तुमचा. एन्झाइमवाली पावडर मिळते तिच्यात भिजत ठेवा, ती प्रोटीनच तोडते. शीचा पिवळा डाग असेल तर कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाका, बऱ्यापैकी उडतो. एवढं करूनही राहिला तर राहिला, त्याचा जवळून फोटो टाका आणि लिहा की पोटाजवळ फिकट डाग आहे. घरात घालायला हवं असणारी बाई आनंदाने घेते, तिला फक्त आधी कळायला हवं असतं.

साइझचं पण तसंच. लेबलवर "३ ते ६ महिने" आहे म्हणून तेवढंच लिहून मोकळं होऊ नका, प्रत्येक कंपनीचे सहा महिने वेगळे असतात. काही लेबलांवर ५६, ६२, ६८ असे आकडे असतात ती बाळाची उंची असते सेंटीमीटरमध्ये, ते त्यातल्या त्यात बरं. पण सुती कपडा धुवून धुवून आटलेला असतो तेव्हा टेप घ्या, काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत मोजा आणि लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण नंतर "माझं बाळ पाच महिन्यांचं आहे पण जरा हेल्दी आहे, बसेल का" हे मेसेज येणार नाहीत. येतील म्हणा, पण कमी येतील.

आता जे सांगतेय त्याला एटिकेट म्हणायचं का माहीत नाही, मला तर ते साधी जबाबदारी वाटतं. टिचबटणं सगळी लावून बघा, सैल बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकतं. मोजे उलटे करून आतून बघा, मोज्याच्या किंवा पायमोजे जोडलेल्या पॅन्टच्या आतला सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, रक्त अडतं, बोट सुजतं आणि बाळ नुसतं रडत राहतं, कशामुळे ते कुणालाच कळत नाही. जॅकेटच्या टोपीला किंवा गळ्याला ओढायची नाडी असेल तर काढून टाका आणि मगच विका. त्या नाड्या कुठेतरी अडकून गळा आवळून मुलं दगावलीत, म्हणूनच अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्येच मुलांच्या कपड्यांवरच्या अशा नाड्यांबद्दल सूचना काढल्या होत्या. जुन्या कपड्यांवर त्या अजून सापडतात.

आणि डांबरगोळ्या! यावर मी जरा जास्त बोलणार. माळ्यावरच्या बॅगेत कसर लागू नये म्हणून लोक बिनधास्त डांबरगोळ्या टाकतात आणि तो वास म्हणजे स्वच्छतेचा वास असं समजतात. त्या गोळ्यांमध्ये नॅप्थलीन असेल आणि बाळाला जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर अशा कपड्यांमुळे त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, नवजात बाळाला जोरदार कावीळ होऊ शकते. ही कमतरता जन्मजात असते, मुलग्यांमध्ये जास्त आढळते, आणि बऱ्याच आईबाबांना ती आहे हे ठाऊकच नसतं. तेव्हा तुमचे कपडे गोळ्यांमध्ये ठेवलेले असतील तर ते नवजात बाळासाठी विकूच नका, आणि मोठ्या मुलाचे असतील तरी आधी सांगा. वास लपवायला वरून सुगंधी सॉफ्टनर ओतणं हा तर अगाऊपणा झाला. घरात कुणी सिगरेट ओढतं, कुत्रं-मांजर आहे, हेही एका ओळीत लिहायचं. कुणाला काही फरक पडत नाही आणि कुणाच्या बाळाला लगेच शिंका सुरू होतात.

बरं, तुम्हाला कुणीतरी फुकट दिलेले कपडे विकायचे का? यावर मैत्रिणींशी माझे वाद झालेत. दुकानातून आणलेली भेट असेल तर ती तुमची, वापरा, विका, काय हवं ते करा, फक्त देणारीला दिसेल अशा ठिकाणी "कधीच आवडला नाही, एकदाही घातला नाही" असं लिहू नका म्हणजे झालं. पण एखादीने आपल्या बाळाचे जपून ठेवलेले कपडे तुमच्या बाळासाठी म्हणून दिले तर तो व्यवहार वेगळा आहे. तिने पैसे मागितले नाहीत ते तुम्ही कमवावेत म्हणून नाही. तिला आधी विचारा, "तुला परत हवेत का, नाहीतर मी पुढे देऊ का?" बहुतेक जणी म्हणतात दे कुणालाही, तेव्हा मग फुकटच पुढे द्या. पैसे घ्यायचेच असतील तर ते तिला सांगून घ्या. काही जणी म्हणतात एवढा काय विचार करायचा, एकदा दिलं की दिलं. मला नाही पटत. आणि कुणी हाताने विणलेलं स्वेटर असेल तर विणणारीला विचारल्याशिवाय हलवूच नका, ती कधीतरी विचारतेच की "ते पिवळं कुठेय गं?"

घेणाऱ्यांनो, तुम्हीपण ऐका. फोटो नीट न बघता, नमस्कार-चमत्कार न करता पहिलाच मेसेज "लास्ट प्राइस?" असा टाकू नका. घासाघीस करा ना, पण येण्याआधी करा, दारात उभं राहून पिशवी हातात घेतल्यावर नको. "माझ्यासाठी ठेवा, उद्या नक्की येते" म्हणून गायब होणाऱ्यांमुळे दुसऱ्या कुणालातरी नाही म्हणावं लागलेलं असतं. विचार बदलला तर एक "नको आता, सॉरी" पुरतं, कारण द्यायची पण गरज नाही. विकणाऱ्यांनी ज्याने आधी हो म्हटलं त्यालाच द्यावं, मागून कुणी जास्त देतो म्हटलं म्हणून पहिलीला कटवू नये.

आणि एक प्रश्न कधीच विचारायचा नाही, "का विकताय, दुसऱ्यासाठी नाही का ठेवायचे?" कुणी टॅग न काढलेले, अगदी नवे कोरे नवजात साइझचे कपडे विकत असेल तर त्यामागे काय असेल ते तुम्हाला माहीत नसतं. भेटी जास्त आल्या असतील. किंवा बाळ घरी आलंच नसेल. आवडले तर घ्या, थँक्यू म्हणा आणि निघा.

फोटोत बाळ नको. कपडा गादीवर पसरून काढा, बाळाला घालून नको, अनोळखी लोकांच्या फोनमध्ये आपल्या बाळाचा फोटो कशाला फिरवायचा. कॉलरला नाव लिहिलेलं असेल तर तेही झाका.

नात्यात विकायचं का? मी तर नाही विकत. जवळच्या माणसाला द्यायचं तर देऊन टाकायचं आणि विसरायचं, पैसे हवेत तर अनोळखी गिऱ्हाईक बघायचं. "तुला काय वाटेल ते दे" हे वाक्य सगळ्यात वाईट, बिचारी घेणारी विचार करून करून जास्तच देते आणि तरी तिला वाटत राहतं कमी दिलं का.

विकल्यावर घरी जाऊन तिला न सांगितलेलं भोक सापडलं तर वाद न घालता पैसे परत करा, कपडाही राहू दे तिच्याकडेच. आणि जे विकण्यालायक नाही ते दान करण्यालायकही नसतं बरं का. भोकं पडलेले, इलास्टिक गेलेले कपडे गठ्ठा बांधून "गरजूंना" देतात लोक, आणि ते निवडून फेकायचं काम तिथल्या माणसांच्या गळ्यात पडतं. तसलं झबलं घरीच कापा, बटणं काढून ठेवा आणि फडकं करा. इतकं धुतलेलं सुती कापड असतं की चष्म्याची काच पुसली तरी ओरखडा पडत नाही.