गाडीतल्या लाकडाचा टवका: दुरुस्ती वार्निशची, लाकडाची नव्हे

मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ही जुनी मालिका १९९५पासून पुण्यातही जुळवली जाऊ लागली. या गाडीची गिअरभोवतालची लाकडी पट्टी उजेडात तिरपी धरली, की खिडकीच्या काचा वर-खाली करणाऱ्या बटणांसाठी कापलेल्या भोकांच्या कोपऱ्यांतून निघालेले केसासारखे तडे बऱ्याचदा दिसतात. ॲशट्रेच्या झाकणाची कड पांढुरकी झालेली असते, दाराच्या पट्टीवर अंगठीचे ओरखडे असतात. पाहणारा म्हणतो, लाकूड गेलं. बहुतेक वेळा लाकडाला काहीही झालेलं नसतं. बिघडलेलं असतं ते वरचं पारदर्शक वार्निश. हे न ओळखता पॉलिश पेपर घेऊन बसणाऱ्यांनीच या पट्ट्यांची खरी नासाडी केली आहे.

आधी थर समजून घ्या. सगळ्यात खाली प्लायवुड, ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा प्लास्टिक. त्यावर खऱ्या लाकडाचं विनियर, म्हणजे पातळ काप: झेब्रानो या रेघारेघांच्या लाकडाचं किंवा अक्रोडाच्या गाठीचं, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. त्यावर रंगछटेचा हात आणि सगळ्यात वर वार्निशचा जाड, काचेसारखा थर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हा थर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असे, नंतरच्या गाड्यांत पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत सहज तापतो. लाकूड हवेतल्या ओलाव्यानुसार आडवं फुगतं आणि आकसतं, पत्रा आपल्या हिशेबाने वाढतो, आणि वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या वार्निशमध्ये ताणायची ताकद उरलेली नसते. म्हणून ते तडकतं. झेब्रानोवर तडे रेषांच्या दिशेने जातात, अक्रोडाच्या गाठीला एक दिशा नसल्यामुळे तिथे जाळं दिसतं. भोकाच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, म्हणून सुरुवात तिथून.

पट्टी खऱ्या लाकडाची आहे का, हेही पाहून घ्या. गाडीत बसून डोकं डावी-उजवीकडे हलवलं तर खऱ्या लाकडातली चमक जागा बदलते, छापील फिल्ममधलं चित्र मात्र तसंच राहतं. मागे प्लास्टिक दिसलं म्हणून नकली ठरवू नका, खरं विनियरही प्लास्टिकवर बसवतात. फिल्मवर फक्त हलकं पॉलिश चालतं. एकदा छपाई खरवडली गेली की ती घासून परत येत नाही. नव्या गाड्यांतलं मॅट, रंध्रं उघडी ठेवलेलं लाकूड आणखी वेगळं: त्यावर रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, लावलंत तर तेवढाच डाग चकाकतो आणि कायमचा डोळ्यात खुपतो.

आता तपासणी. मऊ कापडावर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घ्या, कापड घट्ट पिळा आणि पट्टी पुसा. नंतर मिनरल टर्पेंटाइनने दोनदा पुसा, कारण डॅशबोर्ड चकाकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन वर बसलेलं असतं आणि साबणाने ते पुरतं जात नाही. सिलिकॉनवर नवं वार्निश टाकलं की ते माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे सोडून मागे सरतं. टर्पेंटाइनचा एक थेंब ओरखड्यावर ठेवा. ओरखडा दिसेनासा झाला तर तो वार्निशमध्येच आहे. तसाच पांढुरका राहिला तर वार्निश विनियरपासून सुटलंय. फिका किंवा काळपट दिसला तर जखम लाकडापर्यंत गेली आहे. या तपासणीला पाणी वापरू नका. उघड्या तड्यातून पाणी विनियरमध्ये शिरलं की तिथे काळी रेघ उमटते, आणि ती वरून निघत नाही. जुन्या गाडीत पाठच्या कडेला कापसाच्या बोळ्याने ॲसिटोन लावून पाहा. थर चिकट झाला तर नायट्रोसेल्युलोज आहे, त्यावर पुढे तीव्र थिनर चालणार नाही.

शक्य असेल तर पट्टी काढूनच काम करा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपच्या जवळून उचला. मधूनच उचकटलं तर तडा तिथेच वाढतो. एअरबॅगच्या झाकणावरची पट्टी मात्र काढू नका आणि तिच्यावर जादा थरही चढवू नका.

नख न अडकणारे ओरखडे अर्ध्या तासाचं काम. आसपास उघडा तडा नसेल तर ३०००चा वॉटर पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, मग बारीक कंपाउंडने चमक आणा. ड्रिलला फोमचा पॅड लावणार असाल तर फेरे मिनिटाला हजाराच्या आत ठेवा आणि दर पाच-सात सेकंदांनी बोट टेकवून पाहा. बोटाला चटका बसला म्हणजे थर मऊ पडायला लागलाय.

टवका उडाला असेल तर खड्डा भरायचा, आणि इथे घाई सगळं बिघडवते. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान खड्ड्याला पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपलं रोजचं झटपट चिकटणारं गोंद, पुरतं. ते थेट बाटलीतून ओतू नका. टाचणीच्या टोकावर थेंब घेऊन खड्ड्यात सोडा, सुकू द्या, पुन्हा सोडा. तीन-चार थेंबांत भराव पृष्ठभागाच्या किंचित वर यायला हवा. झटपट सुकवणारा स्प्रे मारला तर आत बुडबुडे अडकतात आणि भराव दुधाळ होतो. पावसाळ्यात दमट हवेत आजूबाजूला पांढरी राख धरते, म्हणून कोरडा दिवस निवडा. गाडीत बसून हे काम केलंत तर त्याची वाफ मीटरच्या काचेवरही बसते.

त्याहून मोठ्या खड्ड्याला सायनोॲक्रिलेट नको. ते ठिसूळ असतं, आणि साधारण ८० अंशांच्या आसपास त्याची पकड ढिली पडते. तिथे हार्डनरचं दोन भागांचं पीयू क्लिअर, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेन वार्निश, वापरा. सिरिंजने मोजून एकूण ५ ते १० मिली एवढंच बनवा. प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच. ‘अंदाजे’ हार्डनर टाकला तर भराव एक तर चिकट राहतो किंवा काही महिन्यांत तडकतो. खोलीत हवा खेळती ठेवा, हातमोजे घाला. थेंब-थेंब भरायला एवढं पुरे, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यामुळे हे क्लिअर घरी स्प्रे करू नका. धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. क्लिअरमधला थिनर उडून गेल्यावर भराव खाली बसतो, म्हणून एका दिवसाच्या अंतराने तीन-चार वेळा भरा आणि शेवटच्या थेंबानंतर निदान आठवडाभर हात लावू नका. दुसऱ्याच दिवशी घासून चकाकवलेला भराव महिन्याभरात खड्डा दाखवतो. ‘दुरुस्ती टिकली नाही’ या तक्रारींमागे बहुतेकदा हेच असतं.

तड्याचं गणित थोडं वेगळं. तडा बंद दिसला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना वार्निश लाकडापासून सुटलेलं असतं, आणि ती हवाच पांढरी दिसते. पातळ सायनोॲक्रिलेट तड्याच्या तोंडाशी ठेवलं तर ते आपोआप आत ओढलं जातं आणि पांढरेपणा बराच विरतो. केस ड्रायरने पट्टी आधी कोमट करा, म्हणजे आतला ओलावा जातो आणि तडा थोडा उघडतो. तड्यात आधीच मळ आणि पॉलिश मुरलं असेल तर बारीक काळी रेघ राहणारच. ती घालवायला धारदार पात्याने तडा उघडून पुन्हा भरावा लागतो, आणि पातं अर्धा मिलिमीटर खाली घसरलं की विनियर कापलं जातं. एखादी बारीक रेघ तशीच राहू द्यावी. विनियर कापलं गेलं तर भरपाई नाही.

भराव सपाट करायची सगळ्यात चांगली युक्ती दाढीच्या ब्लेडची. ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचा एकेक वेढा द्या. टेप जुन्या वार्निशवर टेकते आणि मधली धार फक्त उंचवटा खरवडते. ब्लेड जवळपास उभं धरून आपल्याकडे ओढा. भराव टेपच्या जाडीएवढा उरला की १०००, १५००, २००० आणि ३०००चा वॉटर पेपर, दर वेळी दिशा बदलून. कागद खोडरबराभोवती गुंडाळा, नुसत्या बोटाने घासलं तर मध्ये खळगा पडतो. पाण्यात साबणाचा थेंब टाका आणि निघणाऱ्या गाळाकडे लक्ष ठेवा. गाळ पांढरा असेपर्यंत तुम्ही वार्निशमध्ये आहात. त्यात तपकिरी झाक दिसली की रंगाच्या थराला पोचलात, त्याच क्षणी थांबा. कडांवर वार्निश सगळ्यात पातळ असतं, म्हणून शेवटच्या दोन मिलिमीटरवर मास्किंग टेप लावूनच सुरुवात करा.

विनियरची कड उचलली असेल तर पाण्याचा पांढरा गोंद विसरा. विनियर त्याने फुगतं, आणि खाली पत्रा असेल तर तो धरतही नाही. हळू सुकणारं इपॉक्सी किंचित कोमट करून सिरिंजने आत सोडा, वर मेणकागद, त्यावर सपाट लाकडी ठोकळा, आणि क्लॅम्प लावून २४ तास. क्लॅम्प फार आवळला तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. बाहेर आलेलं ओलं असतानाच स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, मात्र थर नायट्रोसेल्युलोजचा असेल तर तिथे स्पिरिट नको, कोरड्या कापडानेच टिपा.

लाकडाचा तुकडाच गेला असेल तर रंग भरावा लागतो, आणि इथे हात बसलेला हवा. उघड्या लाकडावर थेट रंग लावू नका, तो शोषला जाऊन काळवंडतो. आधी क्लिअरचा एक पातळ थर, तो सुकल्यावर रंग, त्यावर पुन्हा क्लिअर. ॲक्रिलिक रंगांत रॉ सिएना आणि बर्न्ट अंबर एवढे दोन बऱ्याच कामाला पुरतात. झेब्रानोच्या रेघा काळ्या नसतात, गडद तपकिरी असतात. ट्रिपल झिरोच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने ओढा, पण सलग नको: खरी रेघ मध्येच बारीक होते, कधी तुटते. छटा खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात जुळवा, आणि ती टर्पेंटाइनने ओल्या केलेल्या लाकडाशी ताडून पाहा, कारण क्लिअर चढल्यावर लाकूड तसंच गडद दिसणार आहे.

तडे सगळ्या पट्टीभर पसरले असतील, किंवा उन्हाने अक्रोडाचा तपकिरी रंग उडून पिवळा पडला असेल, तर ही दुरुस्ती पुरणार नाही. तेव्हा जुना थर पूर्ण उतरवून नव्याने पीयू चढवावं लागतं. ते स्प्रे बूथ असलेल्या पेंटरचं काम आहे. त्याला एकच गोष्ट ठासून सांगा: विनियरला मशीनचा सँडर लावायचा नाही. डाव्या-उजव्या पट्ट्यांचं विनियर एकाच लाकडाच्या लागोपाठच्या कापांतून आरशासारखं जुळवलेलं असेल, तर दोन्ही बाजू एकदम द्या. एकच बाजू नवी केली तर फरक रोज दिसतो.

पट्टी परत बसवताना मागच्या क्लिप तपासा. वाकलेली क्लिप पट्टीला पीळ देते, आणि पुढचा तडा त्याच जागी पडतो. भोकाच्या कापलेल्या कडेवर, जिथे विनियर उघडं दिसतं, ब्रशने क्लिअरचा एक हात फिरवून ते सुकलं की मगच बटणं आत ढकला.