१७ किलोमीटर आणि मध्ये काहीच नाही

कमिनो दे सान्तियागो, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो शहरापर्यंतची जुनी ख्रिस्ती पायी यात्रा, तिचे फोटो बघितले असतील तर ते एकतर पिरेनीजमधल्या ढगांचे असतात नाहीतर गालिसियातल्या हिरव्यागार पायवाटांचे, मधल्या मेसेताचे, म्हणजे पठाराचे, फोटो फारसं कोणी टाकत नाही, कारण टाकायला काही नसतंच. फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिये-द-पोरपासून सान्तियागोपर्यंत साधारण ७८० किमी, आणि त्यात बुर्गोस सोडलं की लेओन येईपर्यंत हे पठार, गहू गहू आणि गहू. बरेच जण सरळ बुर्गोसला बसमध्ये बसतात आणि लेओनला उतरतात. आमच्या युट्रेख्टच्या ऑफिसातल्या एका मुलीने मला तोच सल्ला दिलेला, "ते बोरिंग आहे, स्किप कर." मी नाही केलं. आजची पोस्ट त्या बोरिंगमधल्याही सगळ्यात बदनाम तुकड्याबद्दल, कार्रिओन दे लोस कोंदेस ते तेर्रादियोस, साडेसव्वीस किमी, त्यातले पहिले १७ किमी मध्ये एकही गाव नाही, नळ नाही, सावली जवळजवळ नाही.

आदल्या रात्री कार्रिओनला चर्चच्या आल्बेर्गेत होते. आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, बंक बेड, दहाला लाईट बंद, सकाळी आठच्या आत बाहेर, आणि आजारी नसाल तर दुसरी रात्र मिळत नाही. ही ऑगस्टीनियन नन्स चालवतात. संध्याकाळी त्या गिटार घेऊन बसतात, सगळ्यांकडून गाणी म्हणून घेतात, कुठून आलात, का चालताय ते विचारतात, नंतर चर्चमध्ये आशीर्वाद आणि हातात रंगवलेला कागदाचा छोटा तारा. एक कोरियन मुलगा का चालतोय सांगता सांगता रडायलाच लागला, माझी पाळी आली तेव्हा मी फक्त "सुट्टी शिल्लक होती" म्हणाले, जे खरंच होतं.

सकाळी साडेसहाला निघाले. सप्टेंबरमध्ये स्पेनमध्ये आठच्या आसपास उजाडतं त्यामुळे पहिला दीड तास डोक्याला टॉर्च. गावाबाहेर नदीवरचा पूल, मग सान सोइलोचा जुना मठ (आता त्यात हॉटेल आहे, चांगलंच महाग दिसतं), मग थोडा डांबरी रस्ता आणि मग ती सरळ रेषा सुरू होते. हा मुळात रोमन रस्ता, विया आकिताना, बोर्दोपासून आस्तोर्गापर्यंत जायचा. या भागात दगड मिळत नाही, सगळी माती, त्यामुळे रस्त्याच्या भरावाचा दगड रोमनांनी बाहेरून वाहून आणला. आता वरून खडी टाकलीये, रोमन वगैरे काही दिसत नाही, पण वळण नसतं म्हणजे काय ते पायांना कळतं. वाट दाखवणाऱ्या पिवळ्या बाणांचीसुद्धा गरज पडत नाही. हे बाण आज इतके फेमस आहेत की लोक त्यांचे टॅटू काढतात, पण ते रंगवायला सुरुवात केली ती ओ सेब्रेइरो गावच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्रींनी, १९८०च्या दशकात, तेव्हा ही वाट लोक जवळपास विसरलेच होते.

उजाडलं की पाठीमागून सूर्य येतो आणि आपली सावली पुढे, इतकी लांब की डोकं शेतात. चाल सतत पश्चिमेला असल्यामुळे ऊन नंतर डावीकडून लागतं, दिवसामागून दिवस डावीकडूनच, मेसेतावरच्या कुठल्याही यात्रेकरूच्या पोटऱ्या बघा, डावी भाजलेली आणि उजवी गोरी. सनस्क्रीन कुठे लावायचं हे मला गाईडने नाही, एका पोलिश बाईंच्या पायांनी शिकवलं. गहू कधीच काढून झालेला, नुसती धसकटं, मध्येच सूर्यफुलांचं शेत पण फुलं काळी पडून माना टाकलेली. पाणी दोन लिटर बरोबर घ्यायचं. सीझनमध्ये मध्यावर एखादी खाण्यापिण्याची टपरी लागते, मला लागली, कॉफी भयंकर होती आणि तिथे अर्धा युरोप रांगेत उभा होता.

या टप्प्यात काय होतं, तर बघायला काही नसल्यामुळे लोक एकमेकांकडे बघतात. आणि कमिनोवरचा आवडता विषय म्हणजे खरा यात्रेकरू कोण. माझ्याबरोबर टपरीपासून एक रिटायर्ड फ्रेंच काका चालत होते, ते थेट फ्रान्समधल्या ल पुईहून निघालेले, म्हणजे सँ-झाँला पोचायच्या आधीच सातशेहून जास्त किलोमीटर. त्यांनी मला सगळी उतरंड समजावली. सगळ्यात वर घराच्या दारातून निघणारे. मग ल पुईवाले. मग सँ-झाँवाले, म्हणजे आम्ही. मेसेता बसने उडवणारे खाली. आणि तळाला सार्रियाहून सुरुवात करणारे, कारण सान्तियागोला ते सर्टिफिकेट, कोंपोस्तेला, मिळायला शेवटचे १०० किमी चालले तरी पुरतं आणि सार्रिया त्याच्या थोडं अलीकडे आहे. २०२४ मध्ये जवळजवळ ५ लाख लोकांना कोंपोस्तेला मिळालं, त्यातले खूपसे हे शेवटच्या टप्प्यावाले, काकांच्या मते टूरिस्ट. त्याच्याही खाली कोण? जे सॅक टॅक्सीने पुढे पाठवतात. थोडे युरो दिले की तुमची बॅग पुढच्या मुक्कामाला जाते आणि तुम्ही छोट्या पिशवीनिशी चालता. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की मी माझ्या साडेसात किलोच्या सॅकचे पट्टे उगाचच आवळले.

कालसादिया दे ला क्वेसा हे गाव खोलगट जागेत आहे त्यामुळे शेवटपर्यंत दिसतच नाही, मॅपवर पाचशे मीटर उरलेत आणि समोर नुसतं आकाश, मग अचानक छपरं. बारमध्ये बसून बूट काढले, करंगळीला फोड आलेलाच होता, आणि बार्शीला आईला फोन लावला. तिकडे तीन वाजले होते. आईने आळंदी ते पंढरपूर दिंडीबरोबर केलंय, एकदाच नाही, त्यामुळे तिला माझ्या किलोमीटरचं काही कौतुक नव्हतं. रोज किती लोक असतात, रात्री भजन असतं का, जेवण कोण देतं. मी म्हटलं अगं इथे दिंडी नाही, तारीख नाही, ज्याला हवं तेव्हा तो निघतो, जेवण आपलं आपण, आणि नन्सनी काल गाणी म्हणली तेवढंच. आणि सामान? म्हटलं पाठीवर, गाडीने पाठवलं तर लोक हसतात. "हसतात? का म्हणून? आपलं नाही का ट्रकात असतं? ट्रक पुढं जातो, तंबू लागलेले असतात, आपण नाव घेत चालायचं. सामान वाहायला गेलीस का चालायला?" मग फोडावर काय लावलंस, सुईदोरा घालू नको हं, इन्फेक्शन होईल.

मला तरी आईचं पटतं. लाखो लोक शतकानुशतकं चालतायत आणि ट्रकामुळे वारी बाटली असं कुणी म्हणत नाही.

पुढचे नऊ किमी हायवेच्या कडेकडेने, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. वाटेतल्या लेदिगोस गावचं चर्च सान्तियागोचंच आहे, म्हणजे ज्याच्या नावाने ही यात्रा त्या संताचं, आत त्याची तिन्ही रूपं आहेत म्हणतात, प्रेषित, यात्रेकरू आणि घोड्यावर बसून मूर लोकांना, म्हणजे तेव्हाच्या स्पेनमधल्या मुस्लिमांना, कापणारा योद्धा. कुलूप होतं. हे तिसरं रूप आता स्पेनमध्ये जरा अडचणीचं झालंय, सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये त्या मूर्तीच्या पायाशी फुलं लावलेली असतात, खालचे मूर दिसू नयेत म्हणून.

तेर्रादियोस मातीच्या विटांचं गाव, माती आणि गव्हाचा भुसा, भिंती वळवून उन्हात सोडून दिल्यासारख्या. कधीकाळी टेम्पलर नाईट्सचं, म्हणजे मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचं, होतं, इथल्या एका आल्बेर्गेला त्यांच्या शेवटच्या ग्रँडमास्टरचं नाव आहे, झाक द मोले, ज्याला पॅरिसमध्ये १३१४ साली जाळलं. त्यांनी सोन्याची अंडी देणारी कोंबडी इथल्या टेकाडात पुरलीये अशी गोष्ट आहे. पोचल्यावर क्रम ठरलेला, यात्रेकरूच्या पासपोर्टवर शिक्का, आंघोळ, कपडे धुणं, गादीच्या शिवणीत ढेकूण बघणं. रात्री पिलग्रिम मेनू, तीन पदार्थ, पाव आणि वाईन. व्हेजवाल्यांनो, मसूरमध्ये चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो आणि सॅलडमध्ये ट्यूना मासा, दोन्ही आधीच विचारा. मी बटाट्याच्या तोर्तियावर, म्हणजे जाड ऑम्लेटवर, भागवलं, अंडं चालतं म्हणून.

जेवायला ते फ्रेंच काका समोरच होते. मी त्यांना आईचं म्हणणं सांगितलं, ट्रक, तंबू, सगळं. अडीचशे किमी आणि लाखो माणसं एकाच वेळी, ह्यावर ते बराच वेळ गप्प, मला वाटलं आता उतरंडीत आईची जागा कुठली ते सांगणार. त्यांनी वाईन ओतून घेतली आणि विचारलं, एवढ्या लोकांना बेड मिळतो का, की आधी बुकिंग करावं लागतं?