बारव उपसायची तर मृगाच्या आत

बारव, म्हणजे पायऱ्यांनी आत उतरायची जुनी दगडी विहीर, साफ करायचं गावात ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: जेसीबी कितीला मिळेल? तो बारवेपासून लांब ठेवलेलाच बरा. यादवकाळातल्या बहुतेक बारवा घडीव काळ्या दगडाच्या आहेत आणि त्यांच्या सांध्यांत चुना नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला असतो, तो तोलावर उभा असतो. काठावर 7-8 टनांचं यंत्र आलं की मागची माती दाबली जाते, दाब भिंतीवर येतो आणि वरचे दोन थर आत कलतात. बकेटच्या दातांनी पायऱ्यांच्या कडा फुटतात ते निराळंच. गाळ वाहून नेणारा ट्रॅक्टरसुद्धा काठापासून 15-20 फूट लांब उभा करावा.

कामाचं वेळापत्रक पाणी ठरवतं. वरची झाडोरा-सफाई पौष-माघात करावी. महाशिवरात्रीला दिवे लावावेत, म्हणजे गाव गोळा होतो. गाळ मात्र चैत्र-वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर काढावा आणि मृग लागायच्या आत काम आटपावं. वळवाचा एक पाऊस अर्धवट उपसलेल्या बारवेत पडला तर आठवड्याची मेहनत वाया जाते.

त्याआधी कागद. बारव कुणाच्या मालकीची हे सातबारावर पाहावं. पुष्कळ बारवा खासगी गटात आहेत आणि मालकाला न विचारता सुरू केलेलं काम पहिल्याच रविवारी भांडणात संपतं. लेखी संमती घ्यावी, ग्रामसभेचा ठराव करावा. बारव केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे संरक्षित असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय झाडूच्या पलीकडे काहीही करू नये. केंद्र-संरक्षित वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, त्यामुळे काठावर शेड किंवा कट्टा बांधण्याची हौस महागात पडते. बहुसंख्य बारवा कुठल्याच यादीत नाहीत. तिथे कुणी अडवत नाही, म्हणून चूक झाली तर थांबवणाराही कुणी नसतो.

मग नोंद. सगळ्या बाजूंचे फोटो काढावेत, प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी किंवा मापाची काठी दिसली पाहिजे. कागदावर आराखडा काढून उत्तर दिशा दाखवावी, पायऱ्या मोजाव्यात, देवकोष्ठं (भिंतीतले देवांचे कोनाडे) मोजावीत. जुन्या वास्तुग्रंथांत प्रवेशांच्या संख्येवरून बारवेला नावं आहेत: एक प्रवेश असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन तर जया, चार तर विजया. हे पाठ असण्याचा उपयोग पांडित्यापुरता नाही. तीन बाजूंनी पायऱ्या दिसत असतील आणि चौथीकडे मातीचा उतार असेल तर त्या उताराखाली चौथा जिना असण्याची शक्यता धरूनच तिथे हात घालावा. नाहीतर आपण ‘माती’ म्हणून ज्याच्यावर ट्रॅक्टर चढवतो, ती बारवेची एक भुजा निघते.

काठावरची मोटेची जागाही आराखड्यात घ्यावी. दोरीचे चरे पडलेले दगड, मोट रिकामी व्हायची ते थारोळं आणि बैल चालायचे ती उतरती धाव. साताऱ्याजवळ लिंबच्या बारामोटेच्या विहिरीला (बांधकाम 1719 ते 1724) नावच मोटांवरून पडलं. लहान बारवांत ही धाव बहुधा वाटेखाली किंवा बांधाखाली गेलेली असते. सफाईच्या उत्साहात थारोळ्याचा दगड ‘सुटा दगड’ म्हणून बाजूला फेकला जातो आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी गोठ्यात गव्हाणीला लागतो.

झाडांचं काम दिसतं तितकं सोपं नाही. सांध्यात रुजलेला पिंपळ, वड किंवा उंबर उपटायचा नाही. मूळ दगडांच्या मागे पसरलेलं असतं. खेचलं की दगड घेऊनच येतं. करंगळीएवढं रोप ओल्या दिवसांत हाताने निघतं तेवढं काढावं. त्याहून जाड असेल तर खोड दगडाच्या लगत करवतीने कापावं आणि दर 15-20 दिवसांनी येणारे फुटवे खुडत राहावेत. पानंच मिळाली नाहीत की मूळ हळूहळू मरतं, पण त्याला एक-दोन वर्षं लागतात, आणि ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून दिलेली असावी. ॲसिड, रॉकेल, जळकं ऑइल यांतलं काहीही ओतू नये. ते शेवटी पाण्यातच उतरतं. मांडीएवढं मूळ दोन दगड धरून उभं असेल तर त्याला हातच लावू नये. ते मेलं आणि कुजलं की तिथे पोकळी होते आणि भिंत त्याच पोकळीत बसते. असं मूळ जाणकार गवंडी समोर असतानाच, दगडांवर खडूने क्रमांक टाकून, दगड उतरवून काढायचं असतं.

झाडीत आग्या मोहोळ, फटींत साप हे धरून चालावं. सर्पमित्राचा नंबर आधी घेऊन ठेवावा. बारवेतली कासवं उपसा होईपर्यंत पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा तिथेच सोडावीत.

आता पाणी उपसणं. सगळ्यात जास्त पडझड इथे होते आणि तिचं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. भिंतीच्या मागची माती पाण्याने फुगलेली असते. आतलं पाणी तिला समोरून रेटून धरतं. दोन मोठे पंप लावून एका रात्रीत बारव कोरडी केली की आतला रेटा जातो, मागचा तसाच राहतो आणि भिंतीला पोट येतं. दिवसाला 2 फुटांहून जास्त पाणी उतरवू नये. दर फुटाला भिंतीवर नजर टाकावी. नवी फट, सुटलेली माती, एखाद्या सांध्यातून गढूळ पाण्याची धार दिसली तर पंप बंद करून दोन दिवस थांबावं. स्वच्छ पाणी पाझरत असेल तर घाबरायचं काहीच नाही, तो झरा आहे, तो जपायचा.

डिझेल पंप कधीही बारवेच्या आत उतरवू नये. त्याच्या धुराला वास असतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नसतो आणि माणूस बसल्या जागी पडतो. पंप काठावर, नळी आत. काठावरून पाणी ओढलं जाईना इतकं खोल असेल तर विजेचा पाणबुडी पंप घ्यावा आणि वीज तोडल्याशिवाय कुणी पाण्यात उतरू नये. तळाचा काळा गाळ ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास आधी तीव्र वाटतो, मग येईनासा होतो. वायू मात्र तिथेच असतो, नाकच बधिर झालेलं असतं. खोल, अरुंद कुंडात वायुमापक यंत्राशिवाय उतरू नये. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, हा समज अर्धाच खरा: कंदिलावरून प्राणवायू कमी असल्याचं कळतं, विषारी वायू असल्याचं कळत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर दोन माणसं असावीत. एकजण आत पडला तर दुसऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये, हे काम सुरू होण्याआधीच सगळ्यांना बजावून सांगावं.

गाळ किती आहे हे आधी मोजलं तर लोक अर्ध्यात सोडून जात नाहीत. तळ 20 फूट बाय 20 फूट आणि गाळ 5 फूट धरला तर 2000 घनफूट, म्हणजे 20 ब्रास. ओला गाळ घनमीटरला साधारण 1.6 टन धरला तर हे वजन 90 टनांच्या आसपास जातं. घमेल्यात 15 किलो भरलं तर 6000 घमेली. 25 जणांची साखळी मिनिटाला 6 घमेली वर पोचवते, म्हणजे तासाला 360, म्हणजे 17 तासांचं निव्वळ काम. सकाळी 7 ते 11 या वेळेत पाणी, चहा, विश्रांती वजा जाता 3 तास हाती लागतात. तेव्हा हे सहा रविवारांचं काम आहे, ‘एका दिवसाच्या श्रमदाना’चं नाही. पहिल्या रविवारी 100 माणसं येतात, तिसऱ्याला 20 उरतात. म्हणून पहिल्याच दिवशी सहाही रविवारांची नावं वाड्यावार लिहून घ्यावीत.

साखळी पायऱ्यांवर तिरकी लावावी, एकाच्या डोक्यावर दुसरा येईल अशी सरळ नाही. घमेलं निसटलं तर खाली माणूस नसला पाहिजे. रिकामी घमेली दुसऱ्या बाजूने उतरतील अशी वेगळी रांग हवी. घमेलं काठोकाठ भरायचं नाही. वरच्या तीन-चार जणांचे खांदे आधी जातात. जागा दर अर्ध्या तासाला बदलाव्यात.

वरच्या दोन फुटांत प्लॅस्टिक, बाटल्यांच्या काचा, निर्माल्य आणि देवांच्या तसबिरी निघतात. गमबूट आणि जाड हातमोजे सक्तीचे. खाली काळ्या थरात फावडं जपून चालवावं. तिथे घागरी, रहाटाची लाकडं, नाणी, कधी भग्न मूर्ती किंवा वीरगळ (वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) लागतो. कोरीव काही लागलं की टिकाव थांबवायचा, जागेवरच फोटो काढायचा, किती खोलीवर मिळालं ते लिहायचं आणि मगच उचलायचं. नाणी किंवा मौल्यवान वस्तू निघाली तर 1878च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वाटून घेऊ, देवळात ठेवू, हे चालत नाही. मूर्ती सिमेंटच्या ओट्यात पक्की बसवून तिला ऑइलपेंट फासणं हा तर आपल्याकडचा मोठा रोग आहे.

साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांची, जागा बहुतेक बारवांत असते. ‘नुसते शेंदूर लावलेले सात दगड’ समजून ते हलवू नयेत. पूजा करणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून, नारळ फोडून मग कामाला हात लावावा. भावनेचा भाग तर आहेच, पण पुढची वीस वर्षं या बारवेवर रोज नजर ठेवणारी तीच आहे.

काढलेला गाळ काठावर ढिगाने टाकू नये. पहिल्या पावसात तो परत आत येतो, शिवाय त्याचा भार भिंतीवर पडतो. काच-प्लॅस्टिक चाळून शेतकऱ्यांना द्यावा, हलक्या रानाला तो मानवतो.

दगड घासायला नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, उच्च दाबाचं पाणी नको. सांध्यात बारीक चिपा बसवलेल्या असतात, त्या धुऊन निघतात आणि वरचा दगड डुलायला लागतो. शेवाळाचा डाग राहिला तर राहू द्या.

आणि सिमेंट. सांधे ‘पक्के’ करण्यासाठी पोती आणणारा दाता प्रत्येक गावात असतो, त्याला आदराने दुसरं काम द्यावं. कोरड्या बांधणीच्या भिंतीतून मागचं पाणी सांध्यांवाटे झिरपत असतं. सांधे सिमेंटने बुजवले की ते अडतं, मागे साचतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत अख्खा पट्टा बाहेर येतो. मराठा काळातल्या आणि नंतरच्या काही बारवांत चुन्याचे सांधे असतात. खिळ्याने टोकरून पाहावं: पांढरे खडे आणि विटेचा तांबूस भुगा दिसला तर चुना आहे. तिथेच चुना वापरायचा. कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उकळून उसळतो; डोळ्यांना चष्मा हवा आणि पोरं लांब हवीत. विरवलेला चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. मापाने 1 भाग चुना, 1 भाग सुरखी, 2 भाग चाळलेली धुतलेली वाळू, इथून सुरुवात करावी आणि कोपऱ्यात लहानसा नमुना करून महिनाभर बघावा. सुरखी भाजलेल्या मातीची असते, चुन्याशी तिची गाठ पडते म्हणून ओल्या जागीही माल धरतो. भरलेले सांधे ओल्या गोणपाटाखाली 10-15 दिवस ठेवायचे. वैशाखाच्या उन्हात उघडे राहिले की दुपारपर्यंत भेगा.

काठावर लोखंडी जाळी बसवण्याचा आग्रह होतो, मुलं पडतील म्हणून. काळजी रास्त आहे, पण दगडात भोक पाडून अँगल ठोकला की तो गंजून फुगतो आणि दगड चिरतो. काठापासून चार फूट सोडून जमिनीत खांब रोवावेत.

दिवे लावण्याबद्दल थोडं. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते, रात्र काळोखी असते, म्हणून बारव खुलून दिसते. महाराष्ट्रात अनेक गावांत आता हा दीपोत्सव होतो. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी उपसली, तिच्या वळणावळणाच्या पायऱ्यांवर दिवे लागले की गोलाई कशी साधली आहे ते दिवसापेक्षा रात्री जास्त कळतं. 60 पायऱ्या आणि पायरीला 5 पणत्या धरल्या तर 300 पणत्या. पणतीला 20 मिली तेल म्हणजे 6 लिटर. पणती थेट दगडावर ठेवू नये, तेल मुरलं की काळा डाग वर्षानुवर्षं जात नाही. खाली केळीच्या पानाचा तुकडा किंवा द्रोण ठेवावा. मेणबत्त्या नकोत, मेण सांध्यात जातं. देवकोष्ठाच्या चौकटीत दिवा नको, काजळी धरते. रांगोळी आणि रंग काठावर, आत नाही. पाण्यालगतच्या तीन पायऱ्या दोरी बांधून बंद ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणत्या गोळा करायला कोण येणार हे आदल्या रात्रीच ठरवावं.

पाणी पिण्याला वापरायचं म्हणत असाल तर आधी तपासणी, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, आणि तीही ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून मोजून. नुसतं निवळशंख दिसतं म्हणून पिऊ नये; आजूबाजूच्या गोठ्यांचं आणि मोऱ्यांचं पाणी जमिनीखालून तिकडेच उतरत असतं.

गाळ कुठून येतो हे शोधल्याशिवाय मात्र काम संपलेलं नसतं. बहुधा काठाचा एखादा दगड निसटलेला असतो आणि रस्त्याचं पाणी तिथून आत वळतं. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीत कुणीतरी छत्री घेऊन काठावर उभं राहावं आणि गढूळ पाणी नेमकं कुठून घुसतं ते पाहून तिथे खूण करावी. उघडीप झाली की त्या जागेच्या चार-पाच फूट अलीकडून फूटभर खोल चर खणून पाणी उताराला काढून द्यावं.